कागदाच्या निवट्या

निवटी म्हणजे काय हे आमच्या सोसायटीतल्या पोरांना ठाऊक नाही, म्हणून आधी तेच सांगतो. खाडीतला मासा आहे, बोटाएवढा, डोळे डोक्यावर बसवलेले, आणि पाण्यात कमी, चिखलात जास्त राहणारा. ओहोटी लागली की उघड्या चिखलावर येऊन बसतो, आणि माणसाची सावली पडली की टुणकन उडी मारून भलतीकडेच. बोनकोड्याच्या बांधाखाली आम्ही पोरं दुपारभर मांड्यांपर्यंत चिखलात उभे असायचो आणि हाताला लागायच्या मोजून सात-आठ. तेवढ्या घेऊन घरी गेलं की आय कैरीची फोड घालून कालवण करायची, वर तांदळाची भाकरी, अजून तव्याची वाफ धरलेली. आता त्या बांधावर रस्ता आहे आणि रस्त्यावर सिग्नल आहे. परवा तिथं रिक्षात अडकून बसलो होतो तेव्हा नातीला सांगितलं, बरोबर इथं निवट्या उडायच्या. ती म्हणाली, "आजोबा, तुमचं सगळंच इथं होतं." मग काय, दुसरीकडे कुठं असणार? आम्ही इथलेच. बाकीचे नंतर आले.

मी शिकलो चौथीपर्यंत. चौथी पास झालो आणि शाळा संपली, म्हणजे गावातली शाळाच तिथं संपत होती. पुढची शाळा लांब, आणि घरी भाताचं खाचर, शिवाय उन्हाळ्यात बा मिठागरात जायचा त्याच्याबरोबर माती तुडवायला माणूस हवा. पण चौथी काही थोडी नाही. आमच्या भावकीच्या सात घरांत अक्षर ओळखणारा मी एकटा. कुणाचं कार्ड आलं की मला हाक. मी जायचो, ओट्यावर बसायचो, पाणी मागायचो, आणि मगच कार्ड हातात घ्यायचो. हे असं का करायचो ते आता कळतं, तेव्हा नुसतं बरं वाटायचं. कार्डात मजकूर काय, तर खुशाल आहोत, खुशाली कळवावी. तेवढं वाचायला चौथी पुरते.

शाळेतनं मी दोन गोष्टी आणल्या. एक वाचणं, दुसरा कागदाचा बेडूक. गुरुजींनी हस्तकलेच्या तासाला शिकवला होता. पण गुरुजी घाटावरचे, त्यांना बेडूकच माहीत. मी घरी येऊन त्याला निमुळता केला, मागं शेपूट काढलं, कोळशाने वर दोन डोळे काढले, आणि तो बेडूक राहिला नाही, निवटी झाला. कागद लांबुडका लागतो. वरच्या भागावर आडव्यातिडव्या घड्या घालून फुली पाडायची आणि दोन्ही बाजू आत ढकलायच्या, की त्रिकोणी टोपी होते. टोपीची खालची टोकं वर वळवली की पुढचे दोन पाय. उरलेला कागद दोन्हीकडून मधोमध आणला की अंग. हे कुणालाही जमतं. खरी कला शेवटच्या घडीत. मागचा भाग अर्ध्यात पुढं दुमडायचा आणि पुन्हा अर्ध्यात मागं, फार दाबायची नाही, फार सैल सोडायची नाही. सगळा जोर तिथं. त्या पाठीवर बोट ठेवून दाबलं आणि बोट मागं निसटू दिलं की निवटी उडते. नातीने मोबाईलवर बघून एक केला होता मागं, तो जागेवर उलटला. माझी जेवणाच्या टेबलावरून सोफ्यावर गेली. हातात कंप आहे तरी गेली.

अडचण एकच, कागदाची. आमच्या घरात कागद असा नव्हताच. सुकट बांधून आलेला कागद मऊ पडलेला, त्याची निवटी उडायची नाही, लोळायची. पाटीवर लिहून पुसायचं, वही चौथीला एकच. जाड, कोरडा, कडक कागद हातात येणं म्हणजे मला जत्राच. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

माझी बहीण अनशी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिचं लगीन ठरलं ऐरोलीच्या एका घरात. आमच्याकडे तोवर आवतान तोंडानं द्यायची रीत. कर्ता माणूस घरोघर जायचा, दारात वाकायचा, अक्षता ठेवायचा, सांगायचा. पण नवऱ्याकडच्यांनी पत्रिका छापल्या, आणि तो गुलाबी कागद आमच्या घरी आला तसा बा दोन दिवस गप्प गप्प. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आपन पन छापू." आय म्हणाली, "कोन वाचनार हाय हितं?" बा म्हणाला, "नाय वाचला तरी कागद असला पायजे." तो खाडी ओलांडून ठाण्याला गेला, छापखान्यात बसून सगळा मजकूर तोंडानं सांगून आला, आणि आठवड्याने पत्रिका घेऊन आला. गुलाबीच, पण त्यांच्याहून जाड. हे त्याने मुद्दाम केलं होतं. वर गणपती, खाली काळ्या शाईने मजकूर, आणि अगदी तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी. मी वरच्या चार ओळी मोठ्याने वाचल्या. अनशीचं नाव आलं तेव्हा ती पदर तोंडात धरून आत पळाली. आय हसली, बा हसला, आणि मला वाटलं, मी पत्रिका वाचली.

घरात तेव्हा लग्नाची गडबड कशी होती म्हणून सांगू. अंगणात दोन उखळं, दोन्हीकडे मुसळं आळीपाळीने पडताहेत, धप धप, मध्येच कुणी बाई गाणं उचलते आणि मुसळाचा ताल त्याला धरतो. वड्यांसाठी तांदूळ दळायला जात्यावर माझी मावशी बसलेली, तिच्या भुवयासुद्धा पांढऱ्या. चुलीवर वालाचं बिरडं, कारण पाहुणे येऊन राहिले होते. त्या आवाजात बाने माझ्या हातात पत्रिका दिल्या आणि म्हणाला, "हऱ्या, घराघरान जा. वाकून सांग, आन कागद हातान दे." मी मान हलवली. गावात मला हे काम मिळालं म्हणून छाती पुढं काढून निघालो.

गुरुजींना दिली. पोस्टात जाणारा एक होता त्याला दिली. कंपनीत लागलेले दोघे होते, त्यांना दिली. मग भावकीच्या सात घरांकडे वळलो, आणि पहिल्याच घरापाशी माझं डोकं चाललं. यांना वाचता येत नाही, यांना कागद कशाला? चुलीत घालतील, नाहीतर त्यात सुकट बांधतील. सांगायचं ते मी सांगतोच आहे की. सातही घरी दारात वाकलो, परवा मांडव, तेरवा हलद, त्याच्या दुसऱ्या दिवशी लगीन, समद्यांनी या, असं नीट सांगितलं, आणि सात पत्रिका सदऱ्यात घालून बांधावर गेलो. उन्हात बसून सातांच्या सात निवट्या केल्या. काय कागद होता तो! बोट निसटायच्या आधीच उडत होत्या. पोरं जमली. ज्याच्या त्याच्या घरची निवटी मी ज्याच्या त्याच्या पोराला दिली, म्हणजे हिशेबाने बघितलं तर कागद त्यांच्या घरी पोचलाच होता. हे तेव्हा मी मनाशी बोललोसुद्धा.

मांडवाच्या दिवशी बा पहाटे उठला. बांबू रचले, सुंभ भिजवलं, ढहाळे पाणी मारून झाकून ठेवले. आमच्याकडे मांडव घरचा माणूस घालत नाही, भावकी घालते. सगळ्यात वडील असेल त्याने पहिल्या मेढीचा खड्डा खणायचा, मग बाकीच्यांनी हात लावायचा. ज्याच्या मांडवाला भावकीचा हात नाही त्याच्याकडून नवऱ्याचे लोक पोर नेत नाहीत, वऱ्हाड दारातून मागं फिरलेलं बाने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. ऊन चढलं. चहाचं पातेलं दोनदा गरम झालं. कुणी आलं नाही. सातही घरं हाकेच्या अंतरावर, पुरुष घरात, खोकल्याचे आवाज येताहेत, पण कुणी उंबऱ्याबाहेर पडेना. मुसळं थांबली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

मग चांगा आजा आला. भावकीत तोच वडील, बाचा चुलता. अंगणाच्या कडेला थांबला, आत पाऊल टाकलं नाही. मुठीतनं काहीतरी काढून बांबूंवर ठेवलं. गुलाबी निवटी.

"तुजा आवतान उडत आलता माज्या दारान," तो बाला म्हणाला. "नातू खेलत होता."

बाने ती उचलली, उलटीपालटी केली. त्याला वाचता येत नव्हतं, पण कागद ओळखता येत होता.

"गुरुजीच्या भितीवर हाच कागद लटकवलाय," आजा म्हणाला. "गुरुजी मना बोलला, चांगा, तुजा नाव छापलाय यात. मी दोन दिस वाट बगतंय. वाचनाऱ्याला कागद, आन आमाला तोंडाचा वारा. र्‍हाउंदे. घाल तूच मांडव."

तो गेला. तेव्हा मला कळलं की ती मुंगीएवढी अक्षरं काय होती. बाने ठाण्याला बसून भावकीच्या कर्त्या माणसांची नावं एकेक करून सांगितली होती, आणि सगळ्या भावकीच्या वतीने आमंत्रण म्हणून ती खाली छापून घेतली होती. कुणालाच बोलला नव्हता. कागद हातात पडल्यावर त्यांना कळावं म्हणून.

मी तरी काय, म्हणालो, "सांगितला नाय काय मी तोंडानं? वाकून सांगितला." बाने मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो बांबूंच्या ढिगावर बसला आणि म्हणाला, "अनशीचा मांडव मी येकला कसा घालू ते सांग. तू शिकलेला हायस." अनशी ओसरीवर तांदूळ निवडत होती. ती वर न बघता म्हणाली, "हऱ्या, माजा नाव कनच्या घडीन हाय रं? पायान का ढुंगनान?"

त्यानंतर मी गावभर फिरलो आणि पोरांकडून निवट्या गोळा केल्या. एकाने चिखलात बुडवली होती, एकाने डोळे फाडले होते. बांबूंवरची धरून सहा मिळाल्या. सातवी लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारीण आजीच्या नातवाकडे, त्याने दिली नाही, मला चावला. सहा घरी आणल्या. आयने तांब्यात निखारे भरले, ओलं फडकं घातलं आणि एकेक घडी मोडून कागद शेकला. गुलाबी रंग फडक्याला लागला, कागद फिका पडला, पण घड्या काही गेल्या नाहीत. प्रत्येक पत्रिकेवर निवटीचं हाडूक तसंच उमटलेलं. आय म्हणाली, "आता ह्येच घेऊन जा. बा येनार नाय तुज्यासंगं. तू केलास, तू निस्तर."

चांगा आजा आपल्या ओट्यावर बसला होता. मी कागद पुढं केला. त्याने घेतला नाही. म्हणाला, "वाच."

मी वाचायला लागलो. चार ओळी फाडफाड वाचल्या. पाचवीपासून जोडाक्षरं सुरू झाली. कुलस्वामिनीच्या कृपाशीर्वादेकरून, असं काहीतरी होतं, मी 'कुल' म्हणालो आणि थांबलो. पुन्हा 'कुल'. घरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुनाबी येत नाय," आजा म्हणाला. "मंग तुज्या हाती दिलेला कागद पन फुकटच की रं. त्याची पन निवटी करायची काय?"

बायका हसल्या. मी हसलो नाही. बोट ठेवलं आणि अक्षर अक्षर फोडत पुढं गेलो. म्हाताऱ्याने घाई केली नाही. एक शब्द मी गाळला तर त्याला बोटावरनं बरोबर कळलं, म्हणाला, "ह्यो कशाला सोडलास? मागारी जा." तळाशी आलो. पहिलंच नाव त्याचं. त्याने माझं बोट बाजूला केलं आणि आपला अंगठा तिथं ठेवला, नखात माती होती. कागदाची शेवटची घडी बरोबर त्या नावावरनं गेली होती.

"उडवतस तवा हितंच दाबतस ना?"

"हितंच," मी म्हणालो.

माफी मागितली नाही. खरं तेच लिहितो. तो शब्द माझ्या तोंडातून तेव्हाही निघाला नाही आणि पुढं पन्नास वर्षं संसार केला तरी निघाला नाही, ते आमच्या घरातली माणसं सांगतील. पण चांगा आज्याने तो मागितलाही नाही. कागद डोक्याला लावला, टोपीत खोचला आणि म्हणाला, "आता बाकीच्या घरान जा. असाच वाच, सुरवातीपासून. मी ऐकतंय हितून."

घरं लागूनच, त्याला खरंच ऐकू जात होतं. मी पाच घरी पाच वेळा ती पत्रिका वाचली. दुसऱ्या घरी कुलस्वामिनी जमली. चौथ्या घरी कृपाशीर्वाद जमला. प्रत्येक घरी कर्त्या माणसाने नावावर अंगठा ठेवला, आणि एकाने तर विचारलं, "यी येवढीशीच का रं छापली? जागा नव्हती?" आता माझ्या मोबाईलवर पत्रिका येतात, त्यात दिवे लुकलुकतात, गाणं वाजतं. माझ्या नावासकट येतात. मी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतो, एक शब्द सोडत नाही. घरच्यांना वाटतं म्हाताऱ्याला वेळ जात नाही.

मी पाचव्या घरातून बाहेर आलो तेव्हा आमच्या अंगणात पहारीचा आवाज येत होता. चांगा आजा खणत होता. पण काम झालं नव्हतं. सातवं घर राहिलं होतं, आणि ते सगळ्यात अवघड. आमच्यात लगीन बाई लावते. धवलारीण म्हणतात तिला. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला येतं, आणि तिने गायल्याशिवाय काही पुढं सरकत नाही. मांडव पडला तर दुसरा घालता येईल, धवलारीण रुसली तर लगीनच नाही. गावात ती एकच होती.

ती चुलीपुढं बसून चिंबोऱ्यांच्या नांग्या मोडत होती. मुलगा एव्हाना मिठागरात गेलेला. नातू कोपऱ्यात, निवटी पोटाशी धरून, मला बघून त्याने दात दाखवले. माझ्याकडे कागद नव्हताच. मी उभ्या उभ्या, तोंडपाठ, सगळी पत्रिका म्हटली. तळाला तिच्या मुलाचं नाव होतं, तेही म्हटलं.

तिने हात धुतले. "झाला?"

"झाला."

"लगीन कोन लावतं?"

"तुमी."

"मंग माजा नाव कुटं हाय?"

मी म्हटलं, नाही छापलं. मग वाटलं, चुकत असेन. नातवाला काय काय कबूल करून निवटी मागून घेतली, उलगडली, दोनदा बघितलं, बोट फिरवून बघितलं. पुरुषांचीच नावं. म्हातारी माझ्या बोटाकडे बघत होती.

"नाय ना? मंग लिव," ती म्हणाली. चुलीच्या तोंडाशी विझलेला कोळसा होता, तो पुढं सरकवला.

मी कोळसा घेतला आणि तसाच थांबलो. अख्ख्या गावात तिला धवलारीण आजी म्हणत. तिचं नाव मला माहीत नव्हतं. विचारलं. ती जणू कुठंतरी ठेवलेली वस्तू आठवत होती.

"ठकी," ती म्हणाली. मग लगेच, "नाय, ठकी नको. ठकूबाय लिव. लगीन लावतंय मी."

सगळ्यांच्या खाली जागा नव्हती म्हणून कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, मोठं, गुरुजी फळ्यावर काढायचे तसं. ठकूबाई. तिने त्यावरून बोट फिरवलं, बोट काळं झालं, ते तिने लुगड्याला पुसलं नाही.

"आता घाल घडी. नाव वर येऊंदे."

मी घातली. ज्या घड्या होत्या त्याच, फक्त उलट्या बाजूने. नाव पाठीवर आलं, बरोबर जिथं दाबायचं तिथं. मी ती नातवाला द्यायला लागलो तर म्हातारीने हात पुढं केला. "मना दाव कशी उडते." मी दाखवलं, बोट कुठं ठेवायचं, किती दाबायचं, कसं निसटवायचं. म्हातारीने दाबलं, पहिल्यांदा निवटी नुसती घसरली. दुसऱ्यांदा उडाली, उंबऱ्यावरून बाहेर, अंगणात उन्हात जाऊन पडली. नातू ओरडला. म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली, लुगडं सावरलं, आणि निवटीच्या मागोमाग उंबरा ओलांडून आमच्या मांडवाकडे चालायला लागली. अर्ध्या वाटेतच तिने पहिलं गाणं उचललं.